सुपारी फुटली का?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहानंतर सहसा कोणी काही लिहीत नाही. लिहिलंच तर 'उद्या पाणी कमी दाबाने येईल', नाहीतर 'गेटसमोरची पांढरी अ‍ॅक्टिव्हा कोणाची आहे, काढा'. त्यामुळे त्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी धसकलोच. डोंबिवलीत एवढ्या रात्री फोन वाजला की एकतर कोणीतरी गेलेलं असतं, नाहीतर टाकी वाहत असते.

मेसेज बी विंगमधल्या आयटीवाल्या मुलाचा होता. 'डबल डोअर फ्रिज २,४९९. पटापट घ्या.'

खाली लिंक. मी चष्मा लावला, लिंक उघडली, चष्मा पुसला, परत बघितलं. अडीचशे लिटरचा चंदेरी फ्रिज. वर काट मारलेली किंमत २४,९९०, खाली हिरव्या अक्षरांत २,४९९. कुठेतरी कोणाच्या तरी बोटाखालून एक शून्य निसटलं होतं आणि घरंगळत थेट आमच्या ग्रुपवर आलं होतं.

मी बायकोला हलवलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "आपल्याकडे फ्रिज आहे."

"आहे. पण हा अडीच हजाराला आहे."

ती उठून बसली. तिचे डोळे उघडले. मग तिने जो प्रश्न विचारला त्यावरून आमचा संसार अठ्ठावीस वर्षं का टिकला ते कळावं. "एका नावावर किती देतायत?"

आम्ही दोन मागवले. एक आम्हाला, एक नणंदेला, म्हणजे माझ्या बहिणीला. माल घरी पोचल्यावर पैसे द्यायची सोय होती, पण बायको म्हणाली, आत्ताच भरून टाका, म्हणजे आपली बाजू पक्की. एवढ्यात आईच्या खोलीतून आवाज आला, "काय रे, काय चाललंय?" सांगितलं. आई ७८ वर्षांची आहे. पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग, "माझ्यासाठी पण एक मागव."

याच आईने मला लहानपणी भर दुपारी वाण्याकडे परत पाठवलं होतं, कारण त्याने हिशेबात दोन रुपये कमी लावले होते. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "वाणी समोर बसायचा रे. त्याची पोरं आपल्या शाळेत होती. ह्याला तोंड तरी आहे का?"

एक गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. आम्ही तिघं हे सगळं कुजबुजत बोलत होतो. आपल्याच घरात, आपल्याच पैशांनी, उघड्या दुकानातून फ्रिज घेताना माणूस कुजबुजतो कशाला? हा प्रश्न पुढे वकीलसाहेबांनी विचारला.

सकाळपर्यंत हिशेब लागला. सोसायटीत घरं अठ्ठावीस, फ्रिज मागवले गेले सदतीस. एकट्या अण्णांनी सहा. अण्णा रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाहीत. तीन मुलींना तीन, आणि बाकीचे तीन कशाला असं विचारल्यावर म्हणाले, "राहू देत." प्रत्येकाच्या फोनवर 'ऑर्डर कन्फर्म झाली, धन्यवाद' असा मेल होता. जिन्यात लोक एकमेकांना बघून उगाच हसत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी टेप घेऊन स्वयंपाकघर मोजत होत्या. आणि तळमजल्यावरच्या काकांनी सगळ्यांवर कडी केली. सकाळी साडेनऊला भंगारवाल्याला बोलावून त्यांनी त्यांचा चालता फ्रिज बाराशे रुपयांना देऊन टाकला. जागा करायला.

दहा चाळीसला सगळे फोन एकदम वाजले. तांत्रिक त्रुटीमुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे. पैसे पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळतील. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत शंभर रुपयांचं कूपन स्वीकारावं. कूपनाखाली बारीक अक्षरांत: किमान खरेदी १,९९९, मुदत सात दिवस, फ्रिजवर लागू नाही.

काका गेटपर्यंत धावत गेले होते. भंगारवाला तोवर टिळक चौक ओलांडून गेला होता.

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. वार्षिक सर्वसाधारण सभेला आमच्याकडे गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागतं. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. वकीलसाहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. ते ए विंगमध्ये राहतात आणि आयुष्यभर भाडेकरार करतात. अकरा महिन्यांच्या करारापलीकडचा कायदा कोणीतरी आपल्याला विचारतंय याचा त्यांना इतका आनंद झाला होता की ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"पहिला प्रश्न," ते म्हणाले, "करार झाला का?"

"पैसे कापले गेलेत!" तीन-चार आवाज.

"पैसे कापणं वेगळं, करार होणं वेगळं. तुम्ही मुलाचं लग्न जमवलंय ना? मग सांगा, विवाहमंडळात मुलीचं नाव नोंदवलं म्हणजे तिने तुमच्या मुलाला होकार दिला का?"

हे सगळ्यांना पटलं. मग त्यांनी सगळा करार कायदा लग्नात बसवला, आणि खोटं कशाला सांगा, इतका सोपा मला तो पूर्वी कधी वाटला नव्हता. साइटवर किंमत लावणं म्हणजे स्थळ दाखवणं. त्याला कायदा प्रस्ताव मानत नाही, प्रस्ताव द्यायचं निमंत्रण मानतो. तुम्ही बटण दाबता, तो तुमचा प्रस्ताव. म्हणजे मागणी तुम्ही घातली. आता होकार द्यायचा की नाही हे मुलीकडचे ठरवणार. त्यांनी होकार दिला, सुपारी फुटली, की करार. सुपारी फुटेपर्यंत दोन्हीकडचे मोकळे.

(सुपारीला आमच्या मुंबई परिसरात आणखी एक अर्थ आहे. तो काकांच्या मनात त्या वेळी कंपनीबद्दल असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.)

वकीलसाहेब म्हणाले, हे आजचं नाही. १९५३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बूट्सच्या खटल्यात हेच सांगितलं.

"बुटांचं दुकान?" अण्णा.

"बूट्स नावाचं औषधांचं दुकान. लंडनजवळ एजवेअरला. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून बाटली उचलायची आणि टोपलीत टाकून गल्ल्यावर न्यायची, अशी नवी पद्धत त्यांनी काढली होती. काही औषधं फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायची असा तिथला कायदा. मग प्रश्न आला, विक्री नेमकी कुठे झाली? फळीपाशी की गल्ल्यापाशी? फार्मासिस्ट तर गल्ल्यापाशी उभा. कोर्ट म्हणालं, गल्ल्यापाशी. टोपलीत टाकलं म्हणजे घेतलं असं नव्हे."

आज आपण साइटवर ज्याला 'कार्ट' म्हणतो ती हीच टोपली. सत्तर वर्षांत तिला फक्त चाकं लागली.

"पण आपल्याला तर कन्फर्मचा मेल आलाय," वहिनींनी मुद्द्याचं विचारलं. इथे वकीलसाहेब खुलले. २००२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कोडॅकच्या साइटवर ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांना लागला. लोकांनी धडाधड मागवला, कंपनीने आधी नकार दिला. पण त्यांच्या यंत्राने आपोआप पाठवलेल्या मेलमध्ये करार झाल्यासारखी भाषा होती. यंत्रानेच सुपारी फोडून ठेवली होती. शेवटी कोडॅकने कॅमेरे दिले.

गच्चीवर टाळ्या पडल्या.

"थांबा. आपल्या साइटच्या अटी कोणी वाचल्यात?"

टाळ्या थांबल्या. अटी कोणीच वाचलेल्या नव्हत्या. त्या अटी ज्याने लिहिल्या त्याने तरी परत वाचल्या असतील का, शंका आहे. वकीलसाहेबांनी मात्र दुपारी बसून वाचल्या होत्या. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ऑर्डरचा मेल म्हणजे फक्त पोच. माल गोदामातून निघाल्याचा निरोप येईल तेव्हाच स्वीकृती. म्हणजे मुलीकडच्यांनी आहेर ठेवून घेतला, जेवणावळीचा आकडा विचारला, आणि 'सुपारीचं मागाहून बघू' म्हणाले. सदतीस फ्रिजांचे ९२,४६३ रुपये आठवडाभर त्यांच्याकडे राहणार होते ते वेगळंच.

इथे अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या नातवाने इंटरनेटवरून काढून दिला होता. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २२. एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, तर केवळ तेवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. "बघा! चूक त्यांची, एकट्यांची. कलम बावीस! आणि कायदा केव्हाचा? अठराशे बहात्तरचा. टिळक तेव्हा सोळा वर्षांचे होते." टिळकांचा काय संबंध हे कोणी विचारलं नाही, पण त्यांचं नाव आल्यावर आमची बाजू एकदम भक्कम वाटायला लागली.

"बरोबर आहे," वकीलसाहेब म्हणाले. "आता सांगा, ती चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

गच्चीवर पहिल्यांदाच वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

त्यांनी मग सशांची गोष्ट सांगितली. १९३९ सालचा इंग्लंडमधला खटला. अर्जेंटिनाच्या तीस हजार सशांच्या कातड्यांचा सौदा. बोलणी सगळी नगावर झाली होती, विकणाऱ्याने कागदावर चुकून पौंडावर, म्हणजे वजनावर, भाव लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत. भाव एकतृतीयांशावर आला. घेणारा त्याच धंद्यातला. तो म्हणाला, लिहिलंय ना, द्या मग. कोर्ट म्हणालं, तुला चूक दिसत होती. दिसत असताना झडप घातलीस. माल मिळणार नाही.

"ते ससे होते," अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटरचं वेगळं."

"मग कॉम्प्युटरचं ऐका. सिंगापूर. १३ जानेवारी २००३ ची पहाट." वकीलसाहेबांनी तारीख अशी उच्चारली की जणू ते स्वतः तिथे रिक्षा शोधत उभे होते. ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेसर प्रिंटर साइटवर ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी, सगळे शिकलेसवरलेले, त्यातला एक वकील, रात्रीतून एकूण १,६०६ प्रिंटर मागवले. कंपनी नाही म्हणाली. मित्र कोर्टात गेले. आमचा समज, हाच खरा भाव. आम्ही साधे ग्राहक.

"मग?"

"त्या रात्री ते एकमेकांशी चॅटिंग करत होते. कोर्टाने ते सगळं वाचलं. चूक आहे हे त्यांना माहीत होतं, असं उच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आणि अपील न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्का मारला. एकही प्रिंटर मिळाला नाही." मग थोडं थांबून, अगदी हळू: "आपल्या ग्रुपवर त्या रात्री काय काय लिहिलंय हो?"

पुढची दोन मिनिटं गच्चीवर कोणी बोललं नाही. सगळ्या माना खाली, सगळ्यांचे अंगठे चालू. मीही फोन काढला. ग्रुपवर अण्णांचा बारा एकवीसचा मेसेज होता, 'चूक झालीय लेकाच्यांची, कळायच्या आत मारा.' तो माझ्या डोळ्यांदेखत 'हा संदेश हटवला' झाला. मग पुढचा हटला. मग पुढचा. पण सबंध दिवस उलटून गेल्यावर हटवायची घाई करणाऱ्यांना एक गोष्ट कळली नव्हती, ती आयटीवाल्या मुलाने सांगितली, की त्याने सकाळीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. पुरावा म्हणून. आपल्या बाजूने.

मला राहून राहून आमची कुजबुज आठवत होती.

पण तळमजल्यावरचे काका ऐकायला तयार नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. घरात दूध नासत होतं. त्यांना आशा लागावी म्हणून वकीलसाहेबांनी ओडिशाची केस सांगितली. २०१४ साली कायद्याच्या एका विद्यार्थ्याला एका बड्या साइटवर तेवीस-चोवीस हजारांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने मागवला, कन्फर्म झाला, दोन तासांत रद्द झाला. दुसरा कोणी गप्प बसला असता. हा कायद्याचा विद्यार्थी, त्याला अभ्यासक्रम घरपोच मिळाला होता. तो जिल्हा मंचात गेला, तिथून राज्य आयोगात गेला, आणि २०२१ मध्ये राज्य आयोगाने त्याला खर्चासकट ४५,००० रुपये देववले. लॅपटॉप नाही, भरपाई. मधल्या काळात प्रोजेक्टसाठी लॅपटॉप लागत होता म्हणून त्याने बावीस हजार आठशे नव्व्याण्णव रुपये मोजून तो घेतला. कुठून? त्याच साइटवरून.

काकांनी वर्षं मोजली. सहा-सात वर्षांचं दूध कुठे ठेवायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

तरी तक्रार करायचं ठरलं. हेही सांगितलं पाहिजे की कायदा आपल्याकडे अगदीच दुबळा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्याखाली २३ जुलै २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. स्वतः मनाला येईल तेव्हा ऑर्डर रद्द करणाऱ्या कंपनीला, आपण रद्द केली म्हणून आपल्याकडून दंड घेता येत नाही. घ्यायचा तर तेवढाच तिनेही सोसायचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. कंपनी बंगळूरची असली तरी आपण राहतो तिथल्या, म्हणजे आमच्या बाबतीत ठाण्याच्या जिल्हा आयोगात जाता येतं. आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. अण्णांनी हा नंबर चटकन पाठ केला, गांधीजी आफ्रिकेतून परत आले ते साल.

फक्त कायद्याने 'ग्राहक' कोणाला म्हणायचं ते वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेणारा तो ग्राहक नव्हे. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. सहातले ते तीन 'राहू देत' फ्रिज गच्चीवर येऊन उभे राहिल्यासारखे वाटले. अण्णा म्हणाले, "मला जावईच सहा आहेत समजा."

सभेत सर्वांत नेमकं बोलली ती आई. ती गच्चीवर येत नाही, पण हट्टाने आली होती. "मला एवढंच सांगा," ती वकीलसाहेबांना म्हणाली, "त्यांचं एक शून्य चुकून कमी पडलं, ते त्यांना दहा तासांत सापडलं. आणि जास्त पडतं तेव्हा?"

याला वकीलसाहेबांकडे खटला नव्हता. घरी येऊन मी आईच्या प्रश्नावर बसलो. परवाच किराणा मागवला होता. साखर, पोहे, उदबत्ती, ३१२ रुपये. शेवटच्या पानावर हँडलिंगचे वेगळे, प्लॅटफॉर्मचे वेगळे, आणि बाहेर चार थेंब पडत होते म्हणून पावसाचे वेगळे. पावसाचे पैसे डोंबिवलीकराकडून! पाऊस आमच्या पाचवीला पुजलेला, तोही आता कंपनीमार्फत. शिवाय कुठल्याशा संस्थेला दोन रुपये देणगी, मी न विचारता दिलेली, खूण आधीच केलेली. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस सरकारने अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच काढली आणि त्यांच्यावर बंदी घातली: खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, 'नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा बटणावर बोट ठेवायला लावून लाजवणं. यादी वाचताना जुन्या ओळखीच्या माणसांची नावं वाचल्यासारखं झालं. यातली एकही 'तांत्रिक त्रुटी' म्हणून मध्यरात्री आपसूक दुरुस्त झाल्याचा मेल मला आजवर आलेला नाही.

आणि ती काट मारलेली किंमत. ४,९९९ वर काट, खाली ८९९. या देशात ४,९९९ देऊन ती चादर घेतलेला एक तरी माणूस मला भेटायचा आहे. भेटला तर मी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावणार आहे. म्हणजे जी किंमत खोटी असते ती महिनोन्‌महिने टिकते, आणि जी चुकीची पण गोड असते ती सकाळच्या चहाला टिकत नाही. वर्षभर आपल्याला 'फक्त आज! नव्वद टक्के सूट!' असं ओरडून सांगायचं, आणि एके रात्री खरोखर नव्वद टक्के सूट दिसली की 'एवढं साधं तुम्हाला कळायला नको का' म्हणायचं. सशाच्या कातड्यांचा भाव धंदेवाल्याला माहीत होता. फ्रिजचा खरा भाव किती, हे आज त्या फ्रिजला तरी ठाऊक आहे का?

हा युक्तिवाद मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना जिन्यात ऐकवला. ते म्हणाले, चांगला आहे, पण मग तुम्ही कुजबुजत का होता? ही बातमी त्यांना बायकोने दिली असणार.

तक्रारीचं पुढे असं झालं, की पोच ४८ तासांत आली, अगदी नियमाला धरून. मग एक अधिकारी फोनवर फार गोड बोलला. पंचविसाव्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यात पाचशे रुपये जमा झाले, त्यांच्याच साइटवर वापरायचे. निम्म्या सोसायटीने ते घेऊन विषय मिटवला. वहिनींनी कुकर घेतला. आमच्या घरात त्यावर मतभेद आहेत. मी ठाण्याला जाऊ म्हणतो, बायको म्हणते, ठाण्याला जायचंच असेल तर येताना गडकरीला नाटकाची तिकिटं काढा. अण्णा मात्र अजून लढतायत. त्यांनी फाइल केलीय, तिच्यावर '१८७२' असं लिहिलंय.

काकांचं दूध तोवर आमच्या फ्रिजमध्ये होतं. वरचा कप्पा त्यांना दिला होता. सकाळी सहाला बेल वाजायची, काका पातेलं घेऊन जायचे. रात्री दहाला परत आणायचे. त्यांच्याकडचं लोणचं, अर्धं कलिंगड, इन्सुलिन, सगळं आमच्याकडे. माझ्या बायकोला त्यांच्या घरात कुठल्या दिवशी कुठली भाजी आहे ते त्यांच्या सुनेच्या आधी कळायचं.

मग सणाचा सेल लागला आणि काकांनी मुकाट्याने तोच फ्रिज घेतला. तोच चंदेरी, त्याच साइटवरून. ३४,९९० वर काट, खाली २२,९९०, आणि हिरव्या अक्षरांत 'तुम्ही १२,००० वाचवले'.

परवा तो आला. टेम्पो गेटमध्ये शिरायला तयार नव्हता, कारण पांढरी अ‍ॅक्टिव्हा आडवी. ती काढेपर्यंत सगळी सोसायटी गॅलऱ्यांतून गोळा झाली होती. दोन पोरांनी खोका उचलला, मागे काका, त्यांच्यामागे काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. तळमजलाच असल्यामुळे वरात फार लांब गेली नाही. काकूंनी दारात फ्रिजला कुंकू लावलं.

"वकीलसाहेब," मी विचारलं, "आता?"

"आता फुटली सुपारी."

अण्णा गर्दीतून पुढे आले. फ्रिजभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, बंद केलं, आतला दिवा लागतो का ते फटीतून बघितलं. मग काकांच्या हातातलं बिल घेऊन चष्म्यावरून निरखून बघत म्हणाले, "शून्यं सगळी आलीत ना? मोजून घ्या."